अण्णांचा ओळंबा

अण्णा कुठल्याही वस्तूकडं आधी एक डोळा मिटून बघायचे. वस्तू सरळ आहे की कललीय, हे तपासायची ती सवय. पण समोरच्याला ते कसं कळणार? पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, दारात मुलीची आई उभी, आणि यांनी डोळा मिटला! सोयरीक मोडता मोडता राहिली. "अहो, मी चौकट बघून राह्यलो होतो," अण्णा शपथेवर सांगत होते, "वरून बोटभर कललीय." चौकट खरंच कललेली निघाली, म्हणून निभावलं.

घनसावंगीत पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचं त्यांचं दुकान होतं. मी शाळेत मास्तर आणि त्यांच्या घरातल्या पुढच्या खोलीत भाडेकरू. उसाच्या भागात मोटारी जळायला तोटा नाही, त्यामुळे धंदा बरा चालायचा. पण अण्णांचं सगळं लक्ष अंगणात. तिथं जालन्याच्या भंगारातले पाइप आणि एका मोडीत निघालेल्या टॅक्सीचं इंजिन जोडून ते स्वतःच्या हातानं स्पोर्ट्स कार बांधत होते. दोन सीटची, बिनटपाची, लाल रंगाची, आणि इतकी बुटकी की शेजारची शेळी वाकून आत बघायची.

हा सगळा उद्योग वहिनींसाठी. लग्नात म्हणे अण्णांनी आष्टीच्या मेव्हण्यांपुढं छाती ठोकून सांगितलं होतं, "तुमच्या बहिणीला माहेरी आणीन ते स्वतःच्या मोटारीत." मेव्हण्यांनी पंधरा वर्षं ते विसरू दिलं नाही. दर दिवाळीला ही जोडी यष्टीतून उतरली की प्रश्न ठरलेला, "दाजी, मोटार कुठं लावली?"

गाडी अखेर चालू झाली. फक्त सरळ चालेना. स्टीअरिंग जरा सैल सोडलं की उजवीकडं ओढायची, म्हणजे थेट समोरून येणाऱ्याच्या अंगावर. पहिल्याच फेरीत ती कडब्याच्या बैलगाडीत घुसली. अण्णा कडब्यातून बाहेर आले, डोकं झटकलं आणि म्हणाले, "इंजन मात्र एक नंबर हाय." वहिनींनी तिथंच निकाल दिला, "सरळ चालंल त्या दिवशी बसंन. तवर आपली यष्टीच बरी."

मग सुरू झाली पुढच्या चाकांची मापं. चाक आत कललंय की बाहेर, दोन्ही चाकं समोर बघतात की एकमेकांकडं. शहरात याला मशीन असतं. अण्णांकडं गवंड्याचा दोरीला लोंबणारा ओळंबा, सुतळी आणि खडू. "दोरी खोटं बोलत न्हाई, मास्तर," हे त्यांचं ब्रीद. माप घेताना गाडीत चालवणाऱ्याचं वजन हवं, नाहीतर गाडी वर उचललेली राहते आणि माप चुकतं. माझं वजन नेमकं अण्णांएवढं! झालं. माझे सगळे रविवार ड्रायव्हरच्या जागी दगडासारखं बसण्यात गेले. "श्वास घ्या, पण जल्दी जल्दी न्हाई," असा चाकाजवळून आवाज यायचा. शिंकलो तर ओळंबा हलायचा आणि बोलणी मला बसायची. बी.एड. झालेला माणूस हो मी!

अंगणात चाकं ओळंब्याला अगदी बराबर लागायची, आणि रस्त्यावर गाडी पुन्हा उजवीकडं. असे तीन महिने गेले. अण्णांचं जेवणावरचं लक्ष उडालं. एका रविवारी ते पायरीवर बसून म्हणाले, "मास्तर, या जन्मी ती यष्टीनंच माहेरी जाणार." मला इतकं वाईट वाटलं की त्या दिवशी मी आपणहून गाडीत जाऊन बसलो.

वहिनी भांडी घासत होत्या. त्या म्हणाल्या, "रागावणार नसाल तर सांगते. ही मापं तुम्ही हितंच घेता ना?"

"मंग काय छपरावर घ्यू?"

"मी रोज हितं सडा टाकते. सगळं पाणी डाव्या अंगाला न्हाणीकडं जातं. अंगणच कललंय की ओ."

अण्णांनी एक डोळा मिटून अंगणाकडं बघितलं. गावातल्या सगळ्या चौकटी तपासणारा माणूस पंधरा वर्षं उतारावर राहत होता. अंगण कललं म्हणून गाडी कलली होती, आणि कललेल्या गाडीची चाकं आम्ही ओळंब्यानं सरळ करत बसलो होतो!

"पण दोरी खोटं बोलली न्हाई," अण्णा पुटपुटले.

"न्हाईच बोलली," वहिनी म्हणाल्या. "तिला अंगणाचं कुणी इचारलंच न्हाई."

गाडी ढकलत शेजारच्या भुसार आडतीच्या सपाट कोब्यावर नेली. आता डाव्या सीटवर वहिनी हव्यातच, असं अण्णांचं म्हणणं. कारण जायचं दोघांना. आधी त्यांना आडतीच्या काट्यावर उभं केलं. "मी काय तुरीचं पोतं हाय का?" म्हणत त्या चढल्या. सत्तावन्न किलो. अण्णांनी खडूनं तो आकडा गाडीत आतल्या बाजूला लिहिला. मग दुपारभर मी आणि वहिनी त्या उभ्या गाडीत बसून होतो. त्या मांडीवर मेथी निवडत होत्या.

"हलू नको," अण्णा खालून ओरडले.

"मंग मेथी काय पायानं निवडू?"

त्या दिवाळीला गाडी आष्टीला गेली. मेव्हणे दारातच उभे होते. अण्णांनी चालत्या गाडीत दोन्ही हात सोडले आणि मेव्हण्यांना वाकून नमस्कार केला. गाडी हूं की चूं न करता सरळ दारापुढं आली. त्या वर्षी कुणी काही विचारलं नाही. ही हकिगत वहिनींनी मला निदान वीस वेळा सांगितली असेल.

पुढं माझी बदली केदारखेड्याला झाली. काही वर्षांनी वहिनी गेल्याचं कळलं, तेही उशिरा. थोड्याशा आजाराचं निमित्त झालं. मला भेटायलाही जाता आलं नाही, याची चुटपुट अजून आहे.

पुढच्या दिवाळीत मी आष्टीच्या रस्त्याला एका फाट्यावर यष्टीची वाट बघत होतो, तर समोरून ती लाल गाडी. अण्णा थांबले. खूप वाळले होते. "आष्टीला चाललो," ते म्हणाले. "दिवाळी हाय न."

मलाही तिकडंच जायचं होतं. पण डाव्या सीटवर ज्वारीचं पोतं होतं. ते उचलून मागं ठेवावं म्हणून मी हात घातला.

"ऱ्हाऊ द्या, मास्तर. सत्तावन्न किलो हाय, बराबर मोजून ठिवलंय. मापं तिच्या वजनावर घेतल्यात. ती जागा रिकामी झाली की गाडी वढती."

मी हात काढून घेतला. अण्णांनी माझ्याकडं एक डोळा मिटून बघितलं, म्हणाले, "तुमी बी खांद्यात जरा कललात," आणि निघाले.

मी एक डोळा मिटून मागून बघितलं. गाडी सुतासारखी सरळ चालली होती. मग यष्टी आली, आणि मी डोळे पुसून चढलो.