सगळे बदल अध्यक्षांच्या नावे

१४ नोव्हेंबर. नवी सोय बसवायची ठरलेली रक्कम अठरा हजार रुपये. रामनगरात आमच्या सोसायटीच्या कार्यालयात हजर तिघे: अध्यक्ष, बेळगावहून बोलावलेला तज्ज्ञ आणि मी. सोसायटीच्या भातखरेदीचा प्रोग्राम मी आणि नंदिगड्ड्याची एक मुलगी मिळून लिहितो. ती घरून काम करते.

तोवर आम्ही पेनड्राइव्ह बसच्या कंडक्टरकडे द्यायचो आणि कुणाची फाइल नवी यावरून भांडायचो. आता आम्ही कोड लिहितो त्या एडिटरमध्येच प्रत्येक बदलाची नोंद राहणार होती: कुठली ओळ, कुणी, केव्हा बदलली. सोय चांगली होती. ती बसवणारा आणि बसवून घेणारा, दोघेही तिच्या लायकीचे नव्हते.

प्रत्येकाचं नाव वेगळं घाला, असं मी सांगितलं. पण आमच्याकडे नोटिशीपासून लग्नाच्या आहेरापर्यंत सगळं अध्यक्षांच्या नावानं जातं.

"हितनं जे भाईर जातं ते माझ्याच नावानं," अध्यक्ष म्हणाले.

तज्ज्ञानं मान डोलावली आणि दोन्ही खात्यांना त्यांचंच नाव दिलं. त्याला कणा नव्हता, लॅपटॉपची बॅग तेवढी भारी होती. मग नमुना म्हणून त्यानं कोडमध्ये काहीतरी बदललं, नोंदवलं आणि कौतुकाची वाट पाहत चहा प्यायला.

खरेदी सुरू झाली आणि अणशीचे शेतकरी बिलं घेऊन आले. ओल्या भाताची कपात दुप्पट झाली होती. अध्यक्षांनी काही न बघता मुलीचा पगार अडवला आणि तिला काढायचं ठरवलं. तज्ज्ञाला पुन्हा बोलावलं, तर तोही म्हणाला की असल्या चुका नवशिकेच करतात.

मी त्याला कपातीची ओळ उघडायला लावली. शेजारी नोंद आली: अध्यक्षांचं नाव, १४ नोव्हेंबर.

"हे तुम्ही केलंय व्हय?" मी अध्यक्षांना विचारलं.

"मला ते यंत्र चालू कराय येत न्हाई."

दाराशी उभी असलेली मुलगी म्हणाली, "काका, माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर खातं तर दुसऱ्या दिवशी जोडलं."

तज्ज्ञ बॅगेची चेन लावत पुटपुटला, की नमुन्याचा बदल परत फिरवायचा राहिला असावा. अध्यक्ष खिडकीबाहेरचे ट्रक बघत राहिले. माफी कुणीच मागितली नाही.

शेतकऱ्यांना कपातीचा फरक परत मिळाला. मुलीचा अडवलेला पगार, अकरा हजार, त्याच दिवशी तिच्या हाती दिला. तज्ज्ञाला अठरा हजार पूर्ण दिले, कारण कापले असते तर सभेत कारण सांगावं लागलं असतं.