इंग्रजीच्या क्लासमधलं भरीत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझी फजिती सांगताना मध्येच कोणी दात काढले, तर मी चहा टाकून उठेन!

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही मास्तरांच्या म्हशीला चारा टाकण्यापुरता. पण भरीत? पाचोऱ्यापासून धुळ्यापर्यंत कोणालाही विचारा. कोणाच्याही मळ्यात भरताची पार्टी असू द्या, वांगी भाजायला हा आबाच लागतो.

आमची सून वर्षा पाचोऱ्याला इंग्रजी बोलायच्या क्लासला जाते. एका संध्याकाळी ती फोन मोठ्या आवाजात ठेवून कणीक मळत होती. मी बाहेर ओट्यावर. चोरून ऐकत नव्हतो बरं का! मला कान आहेत, त्याला मी काय करू?

फोनवर क्लासची मैत्रीण. रविवारी क्लासवर भरताची पार्टी, चाळीस माणसं! पुऱ्या कोण करणार, कांद्याची पात कोण आणणार, बठ्ठं ठरत होतं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. मग मैत्रिणीनं विचारलं, "हू विल रोस्ट?"

रोस्ट म्हणजे भाजणं. वर्षा आदल्या दिवशी शेंगदाणे भाजताना तेच घोकत होती.

आणि आमची सून हसत म्हणते, "नॉट आबा! आबा सगळ्यांवर खेकसतात."

मी खेकसतो? मी? "मी कधी खेकसलो गं?" असा ओरडलो की ओट्याखालचं कुत्रं उठून शेजारी गेलं. तिनं तेवढ्यात मिक्सर लावला, म्हणून वाचली.

ठरवलं. मला वगळून भरीत? हिच्या चाळीस माणसांसमोर माझा हात दाखवतो!

रविवारी सकाळीच शेजारच्या नानाला मळ्यात नेलं. नाना कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवता पेटवता म्हणाला, "आबा, पन तुले बलावनं शे का?"

"मना मळाना वांगा, मनी सून! बलावनं कसानं?"

वांगी भाजली, सोलली, मिरच्या-पात घालून ठेचली. भलं मोठं पातेलं आणि भाकरींची टोपली रिक्षात घातली आणि थेट क्लासवर.

आत बघतो तर काय! आठ-दहा जणं गोल करून बसलेली, भरतावरून इंग्रजीत भांडत होती. चूल नाही, धूर नाही, वांग्याचं देठसुद्धा नाही.

"चाळीस माणसं कुठंयत?" मी गरजलो.

"आबा! तुम्ही इथे?" वर्षानं डोक्याला हात लावला.

मॅडम पुढे आल्या. पोरसवदाच होत्या. "आबा, पार्टी खोटी आहे. मी नुसते धडे वाचून घेत नाही, सगळ्यांना मिळून एक काम देते. पार्टी ठरवायची, पण इंग्रजीतून. काम करता करता भाषा येते."

"मग चाळीस माणसं?"

"खोटी."

"वांगी?"

"तीही खोटी."

"आणि हे?" मी पातेल्याचं झाकण काढलं.

वास सुटला. मॅडमनी आवंढा गिळला. "हे... हे खरं दिसतंय."

नाना माझ्या कानाशी लागला, "आबा, चाळीस मानसेसनं भरीत आते आपले दोन्हीसलेच खानं पडी का?"

भरीत परत नेलं असतं तर गावानं वर्षभर सोडलं नसतं. पण मॅडम हुशार. म्हणाल्या, "काम बदललं! बाजूच्या वर्गालाही बोलवा. मी विचारेन, तुम्ही इंग्रजीतून उत्तर द्यायचं. जमलं की ताट."

मग काय विचारता! एरवी तोंड न उघडणारी पोरंही फाडफाड बोलायला लागली. वर्षा वाढत होती, नाना तर नुसत्या "येस, येस"वर दोनदा जेवला. मी मिशीला पीळ देत उभा. माझं भरीत इंग्रजी शिकवत होतं!

पातेल्याचा तळ दिसायला लागला तशी मला भूक लागली. सकाळपासून पोटात कण नव्हता. ताट घेऊन पुढे झालो.

"आबा, तुम्हालाही इंग्रजी!" वर्षा म्हणाली. मॅडमनी विचारलं, "हू वॉन्ट्स भरीत?"

'हू' ऐकलं आणि प्रश्न ओळखीचा वाटला. फोनवरचाच की! उत्तरही पाठ होतं. छाती काढून, बठ्ठ्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "नॉट आबा!"

टाळ्यांचा कडकडाट! वर्षानं हसत हसत भरताचा शेवटचा डाव उचलला आणि नानाच्या ताटात घातला.