पेंडीच्या पिठाचा डबा

हे मी माझ्या नवऱ्याला सांगितलं नाही. तो गेला, आता सांगायचं म्हटलं तरी सोय नाही. मुलीला सांगितलं नाही — ती डॉक्टर आहे, तिला तर मुळीच नाही. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही परके, म्हणून. सांगून झाल्यावर तुमच्या तोंडाकडे बघायची वेळ माझ्यावर येणार नाही.

आमच्या घरात कशातच दाण्याचा कूट पडत नाही. खिचडीत नाही, कोशिंबिरीत नाही. नातवंडं म्हणतात, आजीला शेंगदाणा बाधतो. बाधतो खरा. पण पोटाला नाही हो.

मी लालबागची, सावंतांची मुलगी. मॅट्रिकनंतर आहाराचं थोडं शिक्षण घेतलं आणि परळच्या एका प्रसूतिकेंद्रात लागले. गिरणीकामगारांच्या गरोदर बायकांनी काय खावं, ते शिकवायचं माझं काम. त्या दिवसांत आमच्याकडे पोत्यांनी एक पीठ यायचं. शेंगदाण्याचं तेल काढून घेतलं की जी पेंड उरते, ती साफ करून दळलेलं पीठ. भाकरीत घाला, पिठल्यात घाला, लाडू वळा. बायका नाकं मुरडायच्या. पेंड म्हणजे गुरांचं खाणं, आम्हाला काय म्हशी समजता? मी हटायची नाही. भिंतीवर माझ्या हाताने रंगवलेला तक्ता होता. एका बाजूला बैलाच्या मांसाचा तुकडा, दुसऱ्या बाजूला पिठाची वाटी. वजनाला वजन घेतलंत, तर पिठात मांसाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं! हे मी छाती पुढे काढून सांगायची. आणि ते खोटं नव्हतं. पुढे मुलीच्या पुस्तकात मी गुपचूप पाहिलं, आजही ते खरंच आहे.

बघा, अजून मी तक्त्यातच घुटमळते आहे. मुद्द्यावर येते.

कौसल्या. वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची, नवरा गिरणीत साच्यावर, कापड विणायला. आमची ओळख केंद्रात नाही झाली, मोर्चात झाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, आणि मीही आईशी भांडून गेले होते. अश्रुधूर सुटला. डोळे मिटले, घसा मिटला, मी भर रस्त्यात बसकण मारली. कुणीतरी दंडाला धरून फरफटत मला एका जिन्याखाली नेलं, ओला पदर तोंडावर दाबला आणि वर ओरडली, "अगं बये, मरायला आलीस की महाराष्ट्र घ्यायला?" ती कौसल्या. त्याच पदराने मग तिने स्वतःचं तोंड पुसलं. मला काही वाटलं नाही. उलट अभिमान वाटला — बघा, मी कशी शिवाशीव मानत नाही! घरी जाऊन आईला मुद्दाम सांगितलंसुद्धा.

त्यानंतर तीन-चार वर्षं आमचं येणंजाणं होतं. तिच्याकडे मी चहा प्यायची. तिच्या घरातल्यांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. सासू करारी बाई. गावाकडे मेलेलं ढोर ओढायचं काम आणि त्याचं मांस त्यांच्याच वाट्याला यायचं. ते त्यांनी कायमचं टाकलं होतं, आणि ते सांगताना म्हातारीचा आवाज चढायचा. त्या घरात ही गोष्ट केवढी मोठी होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. हे लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं.

मग कौसल्याला दिवस गेले. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं. या खेपेला ती केंद्रात आली ती कागदासारखी पांढरी. पापणी खाली ओढली, तर आत लाली म्हणून नाही. आमची डॉक्टरीण माझगावची, ख्रिस्ती, कामाला वाघ, पण मराठी मोडकं. ती इंग्रजीत बोलायची आणि मी बायकांना मराठीत सांगायची. लोहाच्या गोळ्या कौसल्याच्या पोटात ठरेनात. तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, हिला मांस हवं. काळीज हवं. मटण परवडत नसेल, तर बीफ खाऊ दे. भायखळ्याला ताजं मिळतं, स्वस्त मिळतं. मी तक्त्याकडे बोट केलं, म्हटलं, आपलं पीठ आहे की! डॉक्टरीण वैतागली. पीठ अंग भरायला चांगलं, हिचा प्रश्न रक्ताचा आहे. पिठातलं लोह अंगी लागत नाही, मांसातलं लागतं. बाळंतपणात हिला रक्तस्राव झाला, तर शरीरात द्यायला काय आहे? सांग तिला, नीट समजावून सांग.

नीट समजावून. हे तिचे शब्द.

मी कौसल्याकडे वळले. आणि — काय सांगू? — तो शब्द तोंडातून निघेना. आमच्याकडे मासळी चालते, सणाला मटण चालतं, पण हे? हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारतसुद्धा नसे. कोणत्याही बाईला मला तो सांगावा लागला नव्हता. तक्त्यावर ते चित्र काढलं होतं, ते कशासाठी? पिठाने त्याला हरवावं म्हणून. भिंतीवरचं मला चालत होतं. आता ते माझ्या तोंडाने, खा म्हणून, सांगायचं होतं.

मी म्हटलं, "डॉक्टरीणबाई म्हणतात, हे पीठ दुप्पट खा."

कौसल्या हसली. "वा गं बाई! गुराचं खाणं खा म्हणता, आणि गुराला खाऊ नका म्हणता!" मग आवाज खाली घेऊन म्हणाली, "ती बीफ म्हणाली ना? मी ऐकलं. दुकानातलं, ताजं कापलेलं. आमच्या ह्यांच्या खात्यातली माणसं आणतात. आम्ही सोडलं ते मेलेल्या ढोराचं. सासूला मी समजावीन, औषध म्हणून सांगीन. फक्त तुम्ही सांगा, डॉक्टरीण खा म्हणाली का?"

इतकं सरळ कुणी विचारतं का हो? उत्तर एका अक्षराचं होतं. हो. तेवढंच म्हणायचं होतं. ती सासूशी भांडायलाही तयार होती. पाठीशी तिला फक्त डॉक्टरचा शब्द हवा होता, आणि तो शब्द माझ्याजवळ होता.

मी म्हटलं, "नाही. ती म्हणाली, बीफपेक्षा हे पीठ दुपटीने चांगलं. आणि तुम्ही ते सोडलंत ना आता? मग परत कशाला तिकडे वळायचं?"

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. मान खाली घालून ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं." तिला लाज वाटली. माझ्यासमोर तिला लाज वाटली! किळस माझी होती, आणि मी ती तिच्या धर्माच्या कापडात गुंडाळून तिच्याच पदरात टाकली. त्या घराने जे ताठ मानेने टाकलं होतं, त्याचाच मी तिच्यावर कोरडा ओढला.

पत्र्याचा मोठा डबा भरून मी तिला पीठ दिलं. चांगलं चाळून दिलं. वाटेत सांडू नये म्हणून झाकणाला दोरीही बांधली. बघा, किती काळजी घेतली मी!

त्यानंतर ती केंद्रात यायची, डॉक्टरीण पापणी ओढून बघायची आणि मला विचारायची, खाते आहे ना? मी म्हणायची, खाते आहे. खात होतीच ती. मी काही खोटं बोलत नव्हते, असं मी माझ्या मनाला बजावायची. रोज सकाळी कामावर जाताना ठरवायची, आज सांगून टाकू. कौसल्या दिसली की वाटायचं, आज सांगायचं, तर मग आधी खोटं का बोलले, तेही सांगावं लागणार. दिवस भरत आले. तिच्या पायांना सूज आली. लाडू मात्र नेमाने खाते, असं ती मला कौतुकाने सांगायची, वर्गात पोरीने बाईंना सांगावं तसं.

बाळंतपणात मुलगी झाली. मुलगी जगली. कौसल्याचा रक्तस्राव थांबला नाही. मोठ्या इस्पितळात हलवेपर्यंत सगळं संपलं होतं.

मांस खाल्लं असतं, तर ती वाचली असती का? कोण सांगणार? मला माझ्या डॉक्टर मुलीला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. समजा ती म्हणाली असती, नसती वाचली — मग? मी काय त्याने सुटले असते?

पण थांबा, अजून संपलं नाही. याहून वाईट आहे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीने मला बाजूला घेतलं. ती रडलेली दिसत होती. म्हणाली, तू तिला मांसाचं सांगितलं होतंस ना? मी हो म्हटलं. मग खाल्लं का नाही तिने? तेव्हा मी म्हटलं — काही अडलं नाही, शब्द भराभर आले — "डॉक्टर, सांगितलं मी. पण त्यांनी धर्म बदललाय. ते लोक ऐकत नाहीत."

डॉक्टरीण सुस्कारा टाकून म्हणाली, या लोकांना सांगून उपयोग नाही. आणि त्यानंतर खरोखरच तिने सांगणं सोडलं. त्या चाळींतल्या बायका यायच्या, पांढऱ्याफटक, आणि ती नुसती तक्त्याकडे हात करायची. पीठ दे, म्हणायची. मी द्यायची. किती जणींना दिलं असेल? मोजलं नाही. मोजायची हिंमतच नव्हती.

महाराष्ट्र झाला, तेव्हा लालबाग-परळ दिव्यांनी उजळलं होतं. घरोघरी पेढे वाटत होते. मी केंद्राच्या दारात उभी होते, आणि समोरून कौसल्याची सासू आली. कडेवर ती पोर, हातात तो डबा. मला वाटलं, हिला कळलं. म्हातारी जवळ आली, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, तुमचा डबा राहिला होता. आमच्या नियमाला तुम्ही जपलंत. कौसल्या म्हणाली होती मला. नाहीतर लोक काय काय खायला सांगतात." पोरीच्या गालाला हात लावून मग ती म्हणाली, "शेवटपर्यंत खाल्लं हो तिने. तुमचा शब्द कधी मोडला नाही."

मी झाकण उघडलं. डबा घासूनपुसून लख्ख केलेला होता. आत पिठाचा कणही उरला नव्हता.

ते लोक ऐकत नाहीत, असं मी म्हटलं होतं.