पाचचा कॉल

त्यांचा उजवा अंगठा कधी स्वस्थ नसायचा. पोर्चमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले, की खुर्चीच्या हातावर तो अंगठा मिनिटाला एकदा दाबला जायचा. चहा पिताना, बोलताना, अगदी पेपर वाचतानासुद्धा. मी एकदा घड्याळ लावून पाहिलं. गणित शिकवणाऱ्यांना असले रिकामे उद्योग सुचतात. मिनिटाला एक, फार तर चार-पाच सेकंद इकडेतिकडे.

"इंजिनात बटन असते मॅडम," त्यांनी मला समजावलं. "मिनिटाले एकदा दाबा लागते. नाही दाबलं त घंटी वाजते, तरी नाही दाबलं त ब्रेकच लागते. डायवर जागा आहे का नाही, ते गाडी विचारून राहिली असते."

"पण आता कुठं गाडी आहे, काका?"

"हव, तेच त. पन हे अंगठ्याले कोन सांगन?"

ते माझे घरमालक. रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्यांच्या घराचा वरचा मजला मी भाड्यानं घेतला, तेव्हा त्यांना मालगाडीच्या ड्रायव्हरकीतून निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. मूळचे भंडाऱ्याकडचे, जन्म सगळा रेल्वेत गेलेला. घरात ते आणि काकू, दोघंच. मी नागपूरहून कोचिंगमध्ये शिकवायला आलेली, त्यामुळे मराठी बोलणारी भाडेकरू मिळाली याचाच काकूंना केवढा आनंद. पहिल्या दिवशी त्यांनी मला जेवू घातलं आणि काकांनी ताटावरच विचारलं, "तुमाले झोप येते का?"

मला वाटलं, नव्या जागेबद्दल विचारताहेत. नाही. ते जगातल्या प्रत्येकाला हेच विचारत. दूधवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला. ज्याला झोप येते त्याच्याकडे आपण लॉटरी लागलेल्याकडे पाहतो ना, तसं पाहत.

नोकरीत असताना ते कधीही झोपू शकत. दुपारी दोनला, पहाटे सहाला, भर उन्हात, पत्र्याच्या खोलीत. निवृत्त झाल्यावर सगळे म्हणाले, आता झोपा पोटभर. आणि पोटभर सोडा, घासभरही मिळेना. दोन तास, कधी तेवढेही नाही. दिवसा डोळे लाल, वाक्य सुरू करायचं आणि विसरून जायचं. एकदा तर जुनी बॅग उचलून ते स्टेशनकडे निघाले होते, ड्यूटीवर हजर व्हायला. शेजाऱ्यांनी ओळखून परत आणलं. तेव्हापासून काकू रात्री पोर्चच्या जाळीला कुलूप लावत आणि किल्ली उशीखाली ठेवत.

मी क्लास आटपून नऊ-साडेनऊला परते, तेव्हा ते जाळीच्या आत उभे असत. दोन्ही हातांनी गज धरलेले. "आले का मॅडम? आता माही रात्र सुरू," म्हणत. आणि ती रात्र संपायची वाट त्या आठ बाय दहाच्या पोर्चमध्ये बघत बसत. मी वर जाऊन दोन-दोन वाजेपर्यंत मोबाइल चाळायची, नऊला उठायची, आणि दिवसभर झोप झाली नाही म्हणून कुरकुरायची. त्यांची झोप त्यांना सोडून गेली होती, माझी मी हाकलून दिली होती. पण हे कळायला मला वेळ लागला.

काकूंचा जीव काळजीनं अर्धा झालेला. "याईचं डोकं फिरन एखांद्या दिवशी," त्या एकदा जिन्यात माझा हात धरून म्हणाल्या. मग मीच दोघांना समता कॉलोनीतल्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते. गोळी त्यांनी थोड्याच दिवसांची दिली, नियम मात्र कायमचे दिले. "दादाजी, सोने का टाइम मत पकड़िए. उठने का टाइम पकड़िए. रोज़ पाँच बजे, चाहे रात भर नींद आए न आए. दोपहर को सोना नहीं. और बिस्तर सिर्फ़ सोने के लिए."

रेल्वेचा माणूस. नियम मिळाले की तो सुखी. घरी येताच त्यांनी पलंगावर कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या काकूंना उठवलं. पलंगावर बसून भाजी निवडायची नाही, मोबाइल बघायचा नाही, रुसायचंसुद्धा नाही. काकू म्हणाल्या, "मंग रुसाचं कुठी, छतावर?"

सगळे नियम पाळूनही झोप काही येईना. पाचचा गजर लावलेला असायचा, पण तो वाजायच्या आधी ते तीनदा उठून घड्याळ बघत. मी म्हटलं, "अहो, अलार्म आहे ना, वाजेल तो."

"अलारमचं काय घेऊन बसल्या मॅडम? अलारम सही घेते का?"

मग हळूहळू कळलं. ड्रायव्हर लोक गाडी पोहोचवून दुसऱ्या गावी विश्रांतीच्या खोलीत झोपतात. पुढची गाडी कधी मिळेल, ठाऊक नसतं. वेळ झाली की कॉलवाला येतो, हलवून उठवतो, समोर वही धरतो. ड्रायव्हरनं वेळ टाकून सही केली, की उठवण्याची जबाबदारी संपली. त्या कॉल बुकच्या भरवशावर हा माणूस पस्तीस वर्षं कुठंही बिनघोर झोपला होता. आपल्याला कोणीतरी उठवणार आहे, याची खात्री असल्याशिवाय त्यांना झोपताच येत नव्हतं.

"मग काकूंनी उठवलं तर?" मी विचारलं.

"ते त मायेनं उठवन. पाच मिनिट झोपू देईन. कॉलवाला मायेचा नसते."

आणि मी, जिनं जन्मात सकाळचे सात पाहिले नव्हते, तिनं कुठल्या झटक्यात कोण जाणे, म्हटलं, "मी देते कॉल."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी शंभर पानी वहीवर पट्टीनं रेघा मारल्या. तारीख, वेळ, सही. झोपायच्या आधी ते स्वतः पुढची तारीख आणि "५.००" लिहून ठेवत, सहीची जागा रिकामी. पाचला मी खाली यायची, काकू कुलूप काढत, मी काकांच्या खांद्याला हलवून म्हणायची, "कॉल, पाच वाजले." ते उठून बसत, "जय भीम, मॅडम," म्हणत आणि सही करत. मग आम्ही तिघं जाळीबाहेर रस्त्यावर फेऱ्या मारत असू. पहिल्या पंधरा दिवसांत मला त्यांचा इतका राग आला, की काही विचारू नका. मित्रमैत्रिणींबरोबरच्या रात्रीच्या गप्पा सुटल्या, मोबाइल दहाला ठेवावा लागला. एका म्हाताऱ्याच्या झोपेला मी खुंटीला बांधल्यासारखी बांधली गेले होते. पण ते साडेतीन-चार तास झोपू लागले होते, हेही खरं.

आणि मग मी ती चूक केली.

डिसेंबरमधली कडाक्याची पहाट होती. मी खाली आले, तर काकूंनी ओठांवर बोट ठेवलं. "आज झोपू दे पोरी याईले. रात्री दहापासून हलले नाही." मी खोलीत डोकावून पाहिलं. गोधडीवर त्यांचा उजवा हात पडला होता आणि अंगठा हलत नव्हता. मी दोन मिनिटं उभी राहून खात्री केली. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. वही तशीच ठेवून मी वर गेले आणि गेल्या कित्येक दिवसांची झोप वसूल करत नऊपर्यंत लोळले.

उतरले तेव्हा ते खुर्चीत होते. मांडीवर वही. अंगठा चालू.

"कॉल काहून नाही देला?"

"काका, तुम्ही इतके गाढ झोपला होता..."

"तुमच्या भरोशावरच झोपलो होतो न, मॅडम." आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर अडीच महिने ते पुन्हा धड झोपले नाहीत. मी रोज पाचला जायची, आणि ते आधीच पलंगावर बसलेले असायचे. सही करायचे, पण माझ्याकडे बघायचे नाहीत. काकू आणि मी दोघी त्यांच्यासमोर चोरासारख्या वावरायचो. मला स्वतःची फार लाज वाटली. दया दाखवून मी त्यांची एकुलती एक खात्री मोडली होती. भरपाई एकच होती, रोज जाणं. ताप असताना गेले. लाइट नसताना गेले. नागपूरला गेले की पाचला फोन करायची आणि ते सहीपुढे "फोनवर" असं लिहायचे.

होळीच्या सुमारास एके दिवशी त्यांना खरोखर हलवून उठवावं लागलं. पहिल्या हाकेला उठले नाहीत, दुसऱ्या हाकेला "हव" म्हणून कूस बदलली. मी मायेचं काहीही न दाखवता गोधडी ओढली. सही करताना ते हसले. "आता झाल्या तुमी पक्क्या कॉलवाल्या."

पुढची दोन वर्षं ते दहाला झोपले आणि पाचला उठले. काकूंनी जाळीचं कुलूप काढून कपाटात ठेवून दिलं. माझी झोपही केव्हा रुळावर आली, मला कळलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मी मामेबहिणीच्या लग्नाला नागपूरला होते. पाचला फोन लावला. बराच वेळ वाजल्यावर काकूंनी उचलला.

"आज झोपू दे पोरी याईले," त्या म्हणाल्या.

मी चिडलेच. "काकू, मागच्या वेळी काय झालं आठवतं ना? उठवा त्यांना. मी फोन धरून ठेवते."



"उठवलं ना पोरी," काकू म्हणाल्या. "म्या दोनदा उठवलं."

रायपूरला पोहोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. वही त्यांच्या उशाशीच होती. त्या दिवसाची तारीख, पुढे "५.००", त्यांच्या ठळक अक्षरात. सहीची जागा रिकामी.

पाहुणे पांगल्यावर, दहा-बारा दिवसांनी, काकू रात्री वर आल्या. डोळे सुजलेले, चेहरा ओढलेला. त्यांनी वही माझ्या हातात दिली. काकांच्या ओळीखाली काकूंनी उद्याची तारीख लिहिली होती, वाकड्या अक्षरात, आणि पुढे पाच.

आता मी रोज पाचला खाली जाते. काकू उठतात, सही करतात, मी चहा ठेवते. वरच्या त्या एका ओळीतली सहीची जागा आम्ही तशीच रिकामी ठेवली आहे.