बोर्डावरची आई

उस्मानचाचांमुळे मला आईचा चेहरा आठवतो. इथं सुरतेत कुणी दार रंगवलं, की टर्पेंटाइनच्या वासानं मी लातूरला पोचते.

भूकंपात आई गेली, माझी शाळा सुटली. तिचा एकही फोटो उरला नव्हता. मी लातुरात मावशीकडं राहायला आले; तिच्या गल्लीत चाचा थेटराचे बोर्ड रंगवायचे. राजेशाहीतला चित्रकार प्रत्येक चित्रात आपल्या लाडकीचाच चेहरा काढतो, असा पिच्चर येणार होता; त्याच्या हिरॉईनचा बोर्ड चाचांना काढायचा होता.

“बेटी, माय कशी दिसायची?” चाचांनी विचारलं.

मी सांगत गेले, ते रंगवत गेले. वीसफुटी बोर्डावर गोंदणासकट आई उभी राहिली. मी मान वर करून बघतच राहिले.

“ही हिरॉईन न्हाई,” मॅनेजर म्हणाला.

“चितारी जीव लावलेलाच चेहरा काढतो साहेब. पिच्चरात बी हेच हाय.”

पुढं त्या बोर्डावर कोचिंग क्लासच्या टॉपर पोरांचे फोटो आले.

आता मी साड्यांवर नक्षी काढते. हात बसला, की चाचांचा चेहरा तेवढाच मोठा काढून त्यांच्या दारात उभा करीन.