चालू असलेल्या लाईनचा दाखला

व्यवसाय-संख्याशास्त्राचा अभ्यासक्रम मी ऑनलाइन घेतला, तेव्हा डोंबिवलीत ‘ऑनलाइन’ म्हणजे काय हे समजावून सांगण्यात माझी बरीच शक्ती खर्च होत असे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात, गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करत होते. कारखान्याच्या नियोजन विभागात एक जागा निघणार होती आणि ती मला हवी होती. व्यवस्थापकांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, “मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर कोर्सला प्रवेश मिळवून दाखवा, मग विचार करू. नाहीतर लॅबमधली माणसं लॅबमध्येच बरी असतात.”

नोकरी सोडून शिकणं आमच्या घराला परवडणारं नव्हतं. दक्षिणेतल्या एका संस्थेनं नोकरदारांसाठी असा अभ्यासक्रम इंटरनेटवरून नुकताच सुरू केला होता. प्रवेशाची अट अशी की आधी संख्याशास्त्राचा विषय पूर्ण करायचा आणि त्याची अंतिम परीक्षा उत्तीर्ण व्हायची. परीक्षा वर्षातून एकदाच होती. म्हणजे ती परीक्षा, मग प्रवेश, मग नियोजन विभाग, अशी ही साखळी होती आणि तिची पहिली कडी घरच्या टेलिफोनला जोडलेली होती.

संगणक आला कळव्याच्या मामेभावाकडून. त्यानं सुटे भाग आणून तो जोडून दिला आणि जाताना बजावलं, “ताई, झाकण लावायच्या भानगडीत पडू नकोस, उघडाच ठेव, थंड राहतो.” त्यामुळे तो आतल्या खोलीत पोट उघडं टाकून बसलेला असे. आईनं त्यावर जुन्या ओढणीचा पडदा घातला होता.

मला वाटलं होतं, विषय सोपा जाईल. आकड्यांशी माझा रोजचा संबंध होता. पण प्रयोगशाळेत चूक ही कमी करत न्यायची गोष्ट असते. तीन वेळा मोजा, दहा वेळा मोजा, हात स्थिर ठेवा, काच धुऊन घ्या. इथे मात्र पुस्तक सांगत होतं की चूक होणारच आहे. कोणती चूक परवडेल तेवढं ठरवा आणि निर्णय घेऊन मोकळे व्हा. चांगला माल नाकारायचा की वाईट माल स्वीकारायचा, या दोन चुकांत निवड करायला मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्यात पुस्तक परदेशी. बर्फ पडल्यावर फावड्यांची मागणी किती वाढेल, असं एक गणित होतं. मी ते तीन वेळा सोडवलं, उत्तर बरोबर आलं, आणि तरीही मला त्या दुकानदाराची काळजी कळली नाही.

विचारायचं तर कुणाला? प्राध्यापक मला भेटत ते मोजक्या इंग्रजी ओळींच्या ई-मेलमधून. चर्चेसाठी एक पान होतं. त्यावर प्रश्न टाकायचा आणि वाट पाहायची. मी आत्मविश्वासानं प्रश्न टाकत असे आणि उत्तर येईपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असे. माझ्यासारखेच कुणीकुणी कुठल्याकुठल्या गावांतून तिथे लिहीत. त्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. ‘मलाही हेच कळलेलं नाही’ असं कुणी लिहिलं की तेवढ्यापुरता धीर येई, ज्ञान मात्र येत नसे.

टेलिफोनबद्दल सांगायला हवं. बाबांनी त्यासाठी अर्ज केला तेव्हा मी शाळेत होते, आणि तो घरी आला तेव्हा माझं एम.एस्सी. चालू होतं. इतक्या प्रतीक्षेनंतर आलेली वस्तू एकट्यानं वापरणं बाबांना अशोभनीय वाटे. त्यामुळे आमचा नंबर इमारतीतल्या बहुतेकांनी आपल्या नातेवाइकांना देऊन ठेवला होता, पुढे ‘पी.पी.’ ही अक्षरं जोडून. म्हणजे फोन शेजाऱ्यांकडे आहे, निरोप पोहोचवतील. लग्नपत्रिकांवरसुद्धा तो छापला जाई. वरच्या मजल्यावरच्या काकूंना तर बाबांनी खिडकीतून वायर नेऊन त्याच लाईनचं दुसरं यंत्र, ज्याला सगळे ‘पॅरलल’ म्हणत, बसवून दिलं होतं. मी इंटरनेट लावलं की दोन्ही घरांचा फोन अडकून राही. काकू जिन्यात गाठत.

“काय गं, झालं का तुझं ते कुर्रकुर्र?”

“काकू, अभ्यास असतो तो.”

“असेल बाई. आमच्या वेळी पोरी अभ्यास करायच्या तर निदान फोन मोकळा असायचा.”

“तुमच्या वेळी फोन कुठे होता, काकू?”

“तेच म्हणते मी!”

अंतिम परीक्षा दोन तासांची होती. प्रश्नांचं पान उघडलं की वेळ सुरू होई, आणि उत्तरं शेवटी एकदाच पाठवायची. मध्येच संपर्क तुटला तर पान बंद. परीक्षेसाठी दोन वेळा दिल्या होत्या, शुक्रवार सकाळ आणि रविवार सकाळ. त्यांतली एक निवडायची. आमच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणजे वेळ मोकळा. पण दुरुस्तीसाठी वीजही शुक्रवारीच बंद ठेवत. रविवारी मी रजा काढू शकले असते, पण रविवारी इमारतभर लोकांचे पी.पी. फोन येत. मी शिकलेल्या पद्धतीनं निर्णयवृक्ष काढला, प्रत्येक फांदीवर संकटं मांडली, त्यांच्या शक्यता अंदाजानं लिहिल्या आणि रविवार निवडला. वीज माझ्या ताब्यात नव्हती, माणसं होती, असा माझा हिशोब होता.

त्या रविवारी सकाळी मी वर गेले आणि काकूंना म्हटलं, “काकू, दोन तास तुमचा फोन मी खाली नेते.”

“अगं नेतेस कशाला? मी हातही लावणार नाही त्याला.”

“सवयीनं उचलाल.”

“माझी लेक खडवलीला दिवस भरून बसलीय. कधी फोन येईल सांगता येतं का?”

“दोनच तास, काकू. तेवढ्यात काही होत नाही.”

“हे तू ठरवणार?” असं म्हणत त्यांनी यंत्राची वायर स्वतःच काढून दिली. ते यंत्र मी आमच्या कपाटात ठेवलं. बाहेरच्या खोलीतल्या फोनशेजारी बाबा खुर्ची टाकून बसले. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते आणि जबाबदारी दिली की ताठ बसत. “तू आत जा,” ते म्हणाले. “इथे मी आहे.”

पान उघडलं. पहिले प्रश्न बरे गेले. मधला भाग कठीण होता, पण त्या दिवशी माझं डोकं विलक्षण स्वच्छ चाललं होतं. त्या दोन चुकांचा प्रश्न आला आणि मला, जवळजवळ प्रथमच, तो आतून समजला. शेवटचे काही प्रश्न उरले असताना दारावरची घंटा वाजली. काकूंचा आवाज आला. त्यांना वर बसवेना, कारण वर फोनच नव्हता.

“आला का हो खडवलीचा फोन?”

“कसा येईल? ती आत बसलीय ना,” बाबा हळू आवाजात म्हणाले.

“नाही, म्हणजे चालू तरी आहे का? कोपऱ्यावर सकाळपासून रस्ता खणतायत. समोरच्या बिल्डिंगचे सगळे फोन डेड झालेत.”

“काय सांगता!”

“आता पोरगी आत बसलीय, आणि बाहेर फोनच मेलेला असला तर?”

मी ऐकत होते आणि लिहीत होते. ओरडून सांगावं, असं क्षणभर वाटलं, पण काय ओरडायचं हे ठरेपर्यंत उशीर झाला. त्या काळी फोन वारंवार मरत, त्यामुळे येता-जाता रिसीव्हर उचलून कानाला लावणं आणि आवाज येतो का पाहणं ही घराघरातली सवय होती. दुधावर झाकण आहे का पाहावं तशी. बाबांनी माझ्या काळजीपोटी तेच केलं. त्यांच्या कानावर नेहमीचा टोन आला नाही, संगणकाचा खरखराट आला. आणि त्यांचा आनंदी आवाज आतल्या खोलीपर्यंत पोहोचला:

“चालू आहे गं! फोन चालू आहे!”

पडद्यावरचं पान पांढरं झालं.

मी पुन्हा पुन्हा नंबर फिरवला. कधी एंगेज, कधी नुसती घरघर. शेवटी संपर्क जुळला तेव्हा पानावर एकच ओळ होती: आपली परीक्षा समाप्त झाली आहे. आई चहा घेऊन आली आणि माझा चेहरा पाहून कप तसाच परत घेऊन गेली. बाबांनी विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “लाईन तुटली.” एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध असतोच असं नाही, हे आमच्या पहिल्याच धड्यात होतं. बाहेर रस्ता खरोखरच खणला जात होता. मी त्या धड्याला घट्ट धरून बसले.

प्राध्यापकांना मी लिहिलं. त्यांचं उत्तर सभ्य होतं: लाईनमध्ये बिघाड होता असा टेलिफोन कार्यालयाचा दाखला पाठवल्यास पुन्हा परीक्षा घेता येईल. ते वाचून दाखवल्यावर बाबा खुर्चीतून उठलेच. “दाखला ना? फोन माझ्या नावावर आहे, मी येतो. रस्ते खणून ठेवतात, मुलांची वर्षं वाया घालवतात! विचारतोच त्यांना.”

टेलिफोन कार्यालयातल्या कारकुनांनी आमचा नंबर पाहिला, रविवारची नोंद पाहिली आणि मान हलवली.

“तुमच्या बाजूची लाईन चालू होती, काका. समोरच्या बाजूची गेली होती.”

“गेली असेल की मध्येच. पेपर चालू होता हिचा.”

“तक्रार केली होती?”

“तक्रार कशाला करू? मी स्वतः उचलून पाहिला ना फोन.”

“कधी?”

“पेपर चालू असतानाच! म्हटलं, डेड तर नाही. पण नव्हता, साहेब. चांगला खरखरत होता.”

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलाच्या कडेकडे पाहत होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, “काका, इंटरनेट चालू असताना रिसीव्हर उचलला की ते तुटतं. सध्या रोज एक तरी माणूस हेच घेऊन येतो.” मग त्यांना वाटलं असावं की आपण फार बोललो. “चालू लाईनचा दाखला हवा असेल तर लगेच देतो,” ते म्हणाले. “बिघाडाचा कुठून देऊ?”

बाबा माझ्याकडे वळले. “तुला माहीत होतं?”

“खात्री नव्हती.”

“पण माहीत होतं.”

बाबांनी कारकुनांचे आभार मानले, चपलेचा अंगठा नीट बसवला आणि बाहेर आले. घरी आल्यावर म्हणाले, “संगणक लाव. मी सांगतो ते लिही.” मी म्हटलं, “बाबा, त्याचा उपयोग नाही, नियमात बसत नाही.” ते म्हणाले, “बसत नसेल. खरं काय ते त्यांना कळायला हवं की नको? तू नापास झालेली नाहीस.” आणि त्यांनी कचेरीतल्या इंग्रजीत, उभ्या उभ्या, मजकूर सांगितला. परीक्षार्थीच्या वडिलांनी सद्भावनेनं, यंत्र कार्यान्वित आहे किंवा कसे याची खातरजमा करण्यासाठी, रिसीव्हर उचलला. परीक्षार्थीचा त्यात काहीही दोष नाही. तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा. एक शब्दही न बदलता मी ते पाठवलं. तेवढं मी करू शकत होते.

काकूंच्या लेकीला त्याच आठवड्यात मुलगी झाली. फोन आमच्याकडेच आला आणि काकूंनी पेढे आणताना मला म्हटलं, “तुझ्या परीक्षेला माझी दृष्ट लागली म्हणतेस ना?” मी म्हटलं, “दृष्ट लागून लाईन तुटत नाही, काकू.” त्या म्हणाल्या, “मग कशानं तुटली?” बाबा समोरच वर्तमानपत्र वाचत होते. मी पेढा तोंडात घातला.

नियोजन विभागातली जागा लवकरच भरली गेली. व्यवस्थापकांना मी एका वाक्यात सांगितलं की परीक्षा पूर्ण होऊ शकली नाही. त्यांनी कारण विचारलं नाही. त्यांच्या दृष्टीनं माल आला नव्हता, एवढंच. मी लॅबमध्ये परत जाऊन त्या दिवशीचे नमुने तपासले. ते सगळे मानकात बसत होते.

संस्थेचं उत्तर त्यानंतर आलं. बाबा तोवर विचारायचं टाळत होते. ई-मेल वाचून झाल्यावर मी बाहेरच्या खोलीत गेले.

“आलं का काही?” त्यांनी विचारलं.

“आलं. तुमचे आभार मानायला सांगितलेत. असं खरं सांगणारी माणसं विरळा, असं लिहिलंय.”

बाबांच्या चेहऱ्यावर, स्वतःच्याही नकळत, थोडं समाधान उमटलं. ते लगेच ओसरलं.

“आणि परीक्षा?”

“पुढच्या वर्षी.”

मी त्यांच्या शेजारच्या स्टुलावर बसले. समजूत त्यांनी माझी घालायची होती की मी त्यांची, हे आम्हा दोघांनाही ठरवता येत नव्हतं, म्हणून आई जेवायला हाक मारेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो.