नादारीचा अर्ज

आम्ही गरीब होतो, पण अण्णांना ते मान्य नव्हतं.

मॅट्रिक झाल्यावर मला कॉलेजात जायचं होतं. वह्या छातीशी धरून अंबरनाथ स्टेशनावर उभ्या असलेल्या मुली दिसल्या की मी त्यांची गाडी सुटेपर्यंत बघत राहायचे. फी परवडणारी नव्हती. उपाय एकच, नादारी! वडिलांनी 'आम्ही गरीब आहोत' असं लिहून द्यायचं, की फी माफ.

"मी? कारखान्यातला हेडक्लार्क? आणि नादार?" अण्णा कडाडले. (हेडक्लार्क व्हायला अजून दोघेजण रिटायर व्हायचे होते!)

आईने वाद घातला नाही. फक्त आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी अण्णांनी अर्जावर सही केली.

मग कॉलेजचं पत्र आलं. बदलापूरला राहणारे एक प्राध्यापक रविवारी घरची परिस्थिती बघायला येणार होते.

"रविवारी कोण येणार म्हणे?" शेजारच्या गोदूकाकूंनी दारातूनच विचारलं.

अण्णांच्या तोंडून नादारी हा शब्द काही निघेना. "सुमीला बघायला येतायत. बदलापूरचं स्थळ आहे," त्यांनी चक्क ठोकून दिलं.

झालं! काकूंनी पदर खोचला. त्यांचं भिंतीवरचं घड्याळ आमच्या भिंतीवर आलं, कपबशा आल्या, माझ्या अंगावर त्यांचं रेशमी पातळ आलं. उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये खुर्च्या बनवणारे अण्णांचे मित्र लछमनदास हातगाडीवर चार नव्या कोऱ्या खुर्च्या घालून हजर!

"अण्णा, बेटी का मामला है! मेहमान को नयी कुर्सी पे बिठाओ!"

अण्णांना नाही म्हणता येईना, आणि हो म्हणवेना.

रविवारी प्राध्यापक आले. चकचकीत खुर्चीत बसले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि चौफेर नजर फिरवून म्हणाले, "परिस्थिती तर उत्तम दिसते!"

"उत्तमच!" काकू दारातून ओरडल्या. "मुलीच्या बापाला कशाची कमी नाही! हुंड्याचं बोला!"

प्राध्यापकांना जोरात ठसका लागला. "अहो, माझं लग्न झालंय! मी फीमाफीसाठी आलोय!"

ते माझ्या अर्जाची घडी करून उठले. माझं कॉलेज त्या घडीबरोबर खिशात चाललं होतं.

"थांबा साहेब," अण्णा उभे राहिले. "यातलं काहीच माझं नाही. मी नादार आहे. पण पोरीला शिकायचंय."

अण्णांचा आवाज कापलेला मी पहिल्यांदाच ऐकला. नको ते कॉलेज, पण अण्णांनी असं उभं राहू नये, असं वाटलं.

मग काकू पुढे झाल्या. "घड्याळ आमचं हो! कपबशाही!"

"कुर्सी मेरी है साब!" काकूंच्या मागून लछमनदास म्हणाले. "आप को चाहिए तो सस्ते में दे दूँगा!"

पाच मिनिटांत खोली रिकामी. साहेब उभ्याने पोहे खात हसत होते. हसता हसता त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. "आणि या पाटल्या?"

त्याही काकूंच्याच. पण जन्मात पहिल्यांदा माझ्या हातात सोनं होतं! काकूंनी तोंड उघडायच्या आत मी मान ताठ करून म्हणाले, "माझ्याच आहेत!"

पाटल्या काकूंनी त्याच दुपारी साबण लावून उतरवून नेल्या. फी निम्मीच माफ झाली. उरलेली निम्मी भरायला मी चार वर्षं शिकवण्या केल्या, आणि अण्णा येईल त्याला कौतुकाने सांगत राहिले, "पोरगी फार मानी आहे हो! कुणावर गेलीय कुणास ठाऊक!"